चाकांवरची शेज

घर एका जागी उभे असते तोवर शेजेचा प्रश्न फारसा बिकट होत नाही. ऐपतदाराने शिसवी पलंग घडवून घ्यावा, बेताच्या माणसाने सुंभाची बाज विणावी, आणि ज्याला तेवढेही साधत नाही त्याने जमिनीवर घोंगडे अंथरून पाठ टेकावी. जागा अपुरी पडली तर सकाळी बाज भिंतीशी उभी करता येते आणि वळकटी बांधून कोपऱ्यात सरकवता येते. परंतु याच घराला चाके लावली, त्याची रुंदी रस्त्याने व ओढणाऱ्या जनावराच्या किंवा यंत्राच्या कुवतीने बांधून टाकली, आणि चूल, पाणी, कपडे व मुलेबाळे यांसह सारा संसार त्या सात-आठ फूट रुंदीच्या पेटीत बसवावयाचा असे ठरले, म्हणजे माणसाला आडवे होण्यासाठी लागणारी सहा फूट जागा ही त्या सबंध रचनेतील सर्वांत मोठी मागणी ठरते. ती मागणी कोणी, केव्हा आणि कोणाच्या सोयीने पुरी केली याचा माग काढू लागले की फिरत्या घरांचा जवळजवळ सारा इतिहास त्यात गोवलेला आढळतो.

या इतिहासाकडे वळण्याचे निमित्त एका घरगुती सुतारकामाचे आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मोटारीच्या मागे जोडून न्यावयाचे ट्रेलर बाळगणारी असंख्य कुटुंबे आहेत, आणि त्यांतील पुष्कळ जण ट्रेलर हाती आल्यावर थोड्याच काळात एक काम आवर्जून अंगावर घेतात. कारखान्याने बसवून दिलेला सोफा-कम-बेड ते तळापासून उखडून काढतात, आणि त्याच्या जागी चौकट, फळ्या व प्लायवूड यांचा, खाली सामानाची सोय असलेला कायमचा दिवाण स्वतःच्या हातांनी बांधतात. वरकरणी ही एक किरकोळ दुरुस्ती दिसते. परंतु तिच्यात दोन जुन्या परंपरांचा वाद पुन्हा एकदा निकालास लागत असतो. त्यांतील एक परंपरा गाडीतच आयुष्य काढणाऱ्यांची, आणि तिने शेज कायम ठेवली. दुसरी प्रवास विकणाऱ्यांची, आणि तिने शेज घडीची केली.

यांतील पहिल्या परंपरेचा आरंभ इंग्लंडातील भटक्या रोमानी लोकांच्या गाड्यांपाशी शोधावा लागतो. या लोकांच्या भाषेचे मूळ भारतीय आर्यभाषांत आहे ही गोष्ट भाषाशास्त्राने कधीच प्रस्थापित केली आहे. तथापि ज्या रंगीत, नक्षीदार गाड्यांवरून जग त्यांना ओळखते त्या गाड्या मात्र त्यांच्या संसारात एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास आल्या, आणि तत्पूर्वी ते वाकवलेल्या काठ्यांवर कापड घालून उभारलेल्या राहुट्यांतच राहत. जत्रेकरू आणि खेळवाले यांच्याकडे निवासाच्या गाड्या त्याही आधी होत्या. चार्ल्स डिकन्सच्या १८४० व १८४१ या सालांत क्रमशः प्रसिद्ध झालेल्या ‘द ओल्ड क्युरिऑसिटी शॉप’ या कादंबरीत मेणाच्या पुतळ्यांचे प्रदर्शन घेऊन गावोगाव हिंडणाऱ्या मिसेस जार्ली या बाईची गाडी येते, आणि त्या गाडीच्या टोकाशी निजण्यासाठी जहाजावरील बर्थच्या धर्तीवर वेगळी काढलेली जागा कादंबरीकाराने बारकाईने नोंदवली आहे.

पुढे रेडिंग येथील डंटन यांच्यासारख्या कारागिरांनी रोमानी गाडीला तिचे प्रौढ रूप दिले, आणि त्या रूपात शेजेचे स्थान एकदाच ठरले ते ठरलेच. गाडीत शिरताच एका अंगास चूल, दोन्ही अंगांस कपाटे व बाके, आणि पाठीमागच्या भिंतीला लागून, खिडकीखाली, गाडीच्या आडव्या रुंदीत बसवलेला उंच पलंग. त्या पलंगाच्या खाली सरकत्या दारांचा खण, आणि दिवसा अंथरुणे ठेवण्याच्या त्याच खणात रात्री मुले निजत. दिवसा पलंग उलगडलेलाच राही, त्यावर उत्तम पैकी गिरदे व पांघरुणे मांडलेली असत, आणि घरधनिणीला त्याचा संकोच वाटण्याऐवजी अभिमानच वाटे. ज्यांना सारे आयुष्य गाडीतच काढावयाचे होते, त्यांनी रोज रात्री उभारावयाची आणि रोज सकाळी मोडावयाची शेज पत्करली नाही, ही बाब ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

याच तत्त्वाची दुसरी, आणि माझ्या मते अधिक निर्भेळ, साक्ष अमेरिकेच्या पश्चिमेकडील कुरणांत सापडते. वायोमिंग हे त्या काळी संस्थान झालेले नव्हते, नुसता प्रदेश होता. तेथील उघड्या माळांवर हजारो मेंढ्यांचे कळप घेऊन मेंढपाळ महिनोन्‌महिने एकटे राहत, आणि हिवाळ्यातील वाऱ्यापुढे तंबूचा निभाव लागत नसे. रॉलिन्स या गावी जेम्स कँडलिश नावाच्या लोहाराने १८८४ साली या मेंढपाळांसाठी एक गाडी सिद्ध केली असे परंपरा सांगते, आणि पुढील कित्येक दशके तिच्या मूळ रचनेत फारसा फरक करण्याची गरज कोणाला भासली नाही. लाकडी कमानींवर ताणलेले जाड कॅनव्हासाचे थर. पुढच्या बाजूस वरचा व खालचा भाग स्वतंत्रपणे उघडणारे दार, म्हणजे वरचा भाग उघडा ठेवून आतूनच घोडे हाकता यावेत. दाराशेजारी लोखंडी शेगडी. चाकांच्या वरून बाहेर काढलेल्या कडांवर दोन बाके. आणि मागच्या अंगास, सबंध रुंदी व्यापून, कमरेइतक्या उंचीवर फळ्यांचा पलंग.

या पलंगाच्या पोटात जेवणाचे टेबल सरकवून ठेवलेले असे, व ते पाहिजे तेव्हा पुढे ओढता येई. त्याच्या खालच्या पोकळीत पीठ, बटाटे, खोगीर, बंदुकीचा दारूगोळा आणि कुत्र्यांचे खाणे असा बारदाना राही. उष्ण हवा छताशी गोळा होते, सबब उंच शेज ही उबदार शेज, हे ज्ञानही त्या रचनेत मुरलेले होते. इथे काहीही घडी घातले जात नाही. फक्त टेबल आत जाते, आणि तेही अंथरूण न हलवता. थकून भागून आलेल्या एकाकी माणसाला बिजागऱ्यांशी झटावे लागू नये, आणि पहाटे कोल्हे कळपाभोवती फिरू लागले तर अंथरूण आवरण्यात क्षण दवडावा लागू नये, ही त्या रचनेमागील दृष्टी होती. आज ट्रेलरमध्ये घरगुती दिवाण बांधणारा गृहस्थ या लोहाराचे नाव जाणत असो वा नसो, तो त्याचाच नमुना पुन्हा गिरवीत असतो.

आता दुसऱ्या परंपरेकडे वळले पाहिजे, आणि तिचा उगम घरात नसून आगगाडीत आहे. आगगाडीच्या डब्यातील प्रत्येक हात जागेला भाडे असते. त्यामुळे दिवसा जी जागा बसण्यासाठी विकली तीच रात्री निजण्यासाठी पुन्हा विकता आली तर कंपनीचा लाभ दुणावतो, हा हिशेब अमेरिकेतील रेल्वेवाल्यांच्या लवकर ध्यानात आला. थिओडोर वुड्रफ यांनी बैठकीचे शय्येत रूपांतर करण्याच्या युक्तीची पेटंटे १८५६ साली मिळवली. जॉर्ज पुलमन यांनी १८५९ साली इलिनॉय संस्थानातील ब्लूमिंग्टन येथे शिकागो-ऑल्टन मार्गावरचे दोन जुने डबे पालटून आपला पहिला प्रयोग केला. आणि १८६५ च्या सुमारास ‘पायोनियर’ नावाचा त्यांचा आलिशान डबा तयार झाला, तो इतका रुंद व उंच होता की तो न्यावयाचा तर फलाट व पूल यांत फेरफार करणे भाग पडे. समोरासमोरच्या दोन बैठका एकमेकींकडे सरकवून खालची शय्या होई, आणि भिंतीवर बिजागऱ्यांनी टांगलेली वरची शय्या खाली सोडली जाई. दिवसा त्याच वरच्या कप्प्यात अंथरुणे दडून राहत.

ही युक्ती आपल्याकडील वाचकाला सांगून पटवण्याची आवश्यकता नाही. आपल्या रेल्वेच्या शयनयान डब्यातील बाजूचा खालचा बर्थ याच कुळातला आहे. समोरासमोरच्या दोन बैठकांच्या पाठी खाली पाडून तो तयार होतो, आणि मुंबईहून नागपुराकडे किंवा सोलापुराकडे जाताना ज्यांच्या वाट्याला तो आला असेल त्यांना मध्यावरची ती सांध ऐन कमरेखाली कशी येते हे ठाऊक आहे. त्या सांधीवर घडी केलेली चादर घालणारे प्रवासी पिढ्यान्‌पिढ्या होऊन गेले, आणि अलीकडे रेल्वेनेच काही डब्यांत त्या दोन बैठकांवर सरकवून ठेवता येईल अशी एक सलग गादीची फळी देण्याची तजवीज केली. म्हणजे अमेरिकेतील ट्रेलरवाला ज्या निष्कर्षास पोचला, त्याच निष्कर्षास आपले रेल्वे खातेही स्वतंत्रपणे पोचले.

पुलमनच्या शय्येविषयी आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाणे अन्यायाचे होईल. ती घडीची शय्या सुखावह भासे, कारण तिची घडी प्रवाशाला घालावी लागत नसे. यादवी युद्धानंतर गुलामगिरीतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीय पुरुषांना पुलमनने पोर्टर म्हणून मोठ्या संख्येने चाकरीस ठेवले. तेच रात्री शय्या उभारीत, पहाटे मोडीत, बूट पुसत, आणि अपुऱ्या वेतनामुळे बक्षिसीवर अवलंबून राहत. प्रवासी त्यांना त्यांच्या नावाने न हाकारता मालकाच्या नावाने ‘जॉर्ज’ म्हणत. या पोर्टरांनी १९२५ साली ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली आपली संघटना बांधली, आणि दीर्घ झगड्यानंतर १९३७ साली कंपनीस त्यांच्याशी करार करावा लागला. घडीच्या शेजेचे सारे चातुर्य या माणसांच्या श्रमावर उभे होते. हीच शेज पुढे आगगाडीतून निघून खाजगी कुटुंबाच्या ट्रेलरमध्ये आली तेव्हा तिच्याबरोबर पोर्टर आला नाही. त्याचे काम रोज रात्री व रोज सकाळी घरच्या माणसांवर, आणि त्यातही बहुधा घरच्या बाईवर पडले.

इंग्लंडात सुखवस्तू माणसांनी जेव्हा केवळ हौसेखातर निवासाच्या गाडीतून फिरण्यास आरंभ केला, तेव्हाही नोकर बरोबर असत हे येथे नमूद करावे. आरमारातील निवृत्त डॉक्टर व बालसाहित्याचे लेखक विल्यम गॉर्डन स्टेबल्स यांनी १८८५ साली ब्रिस्टल वॅगन वर्क्सकडून ‘वाँडरर’ नावाची, मेहॉगनी व मेपल लाकडाची गाडी बांधवून घेतली आणि दोन घोड्यांनिशी दक्षिण इंग्लंडातून थेट स्कॉटलंडातील इन्व्हर्नेसपर्यंत प्रवास केला. त्या मोहिमेत कोचमन होता, आणि खाजगी चाकरही होता. हौशी प्रवासाची ही प्रथा इतकी रुजली की १९०७ साली कॅरॅव्हॅन क्लबाची स्थापना झाली व स्टेबल्स त्याचे उपाध्यक्ष झाले.

अमेरिकेत याच सुमारास शहरी बिऱ्हाडे आक्रसत होती, आणि घडीच्या शय्येने आगगाडीतून उतरून त्या बिऱ्हाडांत प्रवेश केला. शिकागोतील फर्निचरच्या दुकानाच्या मालकीण सॅरा गुड यांनी १८८५ साली दिवसा लिहिण्याचे मेज व रात्री पलंग होणाऱ्या कपाटाचे पेटंट घेतले. अमेरिकेत पेटंट मिळवणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्रियांत त्यांची गणना होते. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये विल्यम मर्फी यांनी भिंतीत उभा राहणारा पलंग विसाव्या शतकाच्या आरंभी प्रचारात आणला, आणि न्यूयॉर्कमध्ये बर्नार्ड कॅस्ट्रो यांनी १९३१ साली सुरू केलेल्या धंद्याने सोफा-कम-बेड हा मध्यमवर्गीय दिवाणखान्याचा नित्य घटक करून टाकला. एका खोलीत दोन खोल्यांचा भास निर्माण करणे ही त्या काळाची निकड होती, आणि ती निकड खरी होती हे नाकारून चालणार नाही.

मोटारीने या दोन्ही परंपरा एका ठिकाणी आणल्या. पिअर्स-ॲरो कंपनीने १९१० साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील प्रदर्शनात ‘टूरिंग लँडॉ’ मांडली. तिची मागची बैठक उलगडून शय्या होत असे, आणि फिरत्या घराच्या व्यवसायाचे कुलवृत्तांत लिहिणारे बहुधा याच गाडीपासून प्रारंभ करतात. परंतु ती गाडी धनिकांची होती. सामान्य माणूस फोर्डच्या मॉडेल टीच्या मागे तंबू बांधून निघाला. १९१९ साली फ्लॉरिडातील टँपा येथे अशा तंबूवाल्यांनी ‘टिन कॅन टूरिस्ट्स’ या नावाने आपली मंडळी स्थापन केली, आणि डबाबंद अन्नावर गुजराण करीत हिवाळा उबदार मुलखात काढण्याचा प्रघात पाडला. यांतील कित्येकांचे ट्रेलर त्यांनी स्वतः, अंगणात, मिळेल त्या लाकडाचे बांधलेले होते.

या धंद्याचा पाया घालणारा माणूसही असाच अंगणातला कारागीर होता. डेट्रॉइटचे जंतुशास्त्रज्ञ आर्थर शर्मन हे १९२९ साली कुटुंबासह उत्तर मिशिगनमध्ये सहलीस गेले असता, झटपट उभारता येतो म्हणून विकत घेतलेला तंबूचा ट्रेलर पावसात कुचकामाचा ठरला. तेव्हा त्यांनी मेसोनाइटच्या तक्त्यांची सहा फूट रुंद व नऊ फूट लांब पेटी बनवून घेतली, तीत मधल्या अरुंद वाटेच्या दोन्ही अंगांस बांधीव आसने, कपाटे, कोळशाची शेगडी व बर्फपेटी बसवली, आणि मुलांनी तिला ‘कव्हर्ड वॅगन’ हे नाव दिले. वाटेत भेटणारा प्रत्येक जण तिची चौकशी करू लागला तेव्हा शर्मन यांनी जानेवारी १९३० मध्ये डेट्रॉइटच्या मोटार-प्रदर्शनात ४०० डॉलर किमतीने ती मांडली, आणि ११८ गाड्यांची मागणी नोंदली गेली. १९३६ पर्यंत त्यांच्या कारखान्याची वार्षिक विक्री सुमारे ६,००० ट्रेलरांवर गेली होती. लॉस एंजेलिसच्या बाजूस वॉली बायम यांची कथाही याच वळणाची आहे. त्यांनी आधी स्वतःसाठी ट्रेलर बांधला, मग हौशी कारागिरांना टपालाने त्याचे आराखडे विकले, आणि नंतर १९३६ साली १,२०० डॉलर किमतीचा, ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा ‘एअरस्ट्रीम क्लिपर’ काढला. त्यात चार माणसे निजू शकत, आणि त्यासाठी आसनांच्या शय्या कराव्या लागत.

‘चार माणसे निजू शकतात’ या एका वाक्यात पुढील अनेक दशकांच्या विक्रीचे मर्म साठवलेले आहे. मंदीच्या त्या दिवसांत अर्थशास्त्राचे भाष्यकार रॉजर बॅबसन यांनी वीस वर्षांच्या आत निम्मी अमेरिका ट्रेलरमध्ये राहू लागेल असे भविष्य वर्तवले होते. ते खरे ठरले नाही, परंतु कारखानदारांची संख्या भराभर वाढली आणि प्रत्येकाला कमी लांबीत अधिक शय्या दाखवावयाच्या होत्या. प्रदर्शनात गिऱ्हाईक दिवसा येते आणि उभ्याने पाहते. त्याला कायमचा पलंग दाखवला तर ट्रेलर भरलेला दिसतो, आणि सोफा दाखवून तो उलगडतो असे सांगितले तर तोच ट्रेलर ऐसपैस दिसतो. कोणत्याही कारखानदाराची नियत वाईट होती असे यावरून म्हणता येत नाही. रात्रीची वस्तू दिवसाच्या बाजारात विकावी लागली, आणि तिची रचना दिवसाच्या नजरेने झाली, एवढाच याचा अर्थ.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या छोट्या ट्रेलरांतून या सोफ्याचा एक विशिष्ट प्रकार सर्रास आढळतो, आणि व्यवहारात त्याला ‘गाउचो’ म्हणतात. त्याच्या बैठकीखाली लाकडी पट्ट्यांच्या दोन फण्या असतात. एकीच्या पट्ट्या भिंतीकडील चौकटीस, दुसरीच्या पुढील चौकटीस ठोकलेल्या, आणि दोन्हींच्या पट्ट्या एकमेकींच्या फटींत बसणाऱ्या. पुढची चौकट ओढली की बैठक रुंद होते, आणि पाठीची उशी खाली उतरून मोकळ्या जागेत पडते. रचना हलकी, स्वस्त आणि खरोखर चतुर आहे. परंतु उघडलेल्या अवस्थेत पट्ट्यांमधील अंतर वाढते, पाठीची उशी व बैठकीची उशी यांची जाडी व कठीणपणा क्वचितच जुळतो, आणि दोहोंमधील सांध निजणाऱ्याच्या अंगाखाली लांबच्या लांब पसरते. जेवणाचे टेबल खाली उतरवून त्यावर उशा मांडण्याचा जो दुसरा प्रकार आहे, त्यातही हीच उणीव चार तुकड्यांत विभागून येते. नंतरच्या मोठ्या ट्रेलरांत तीन घड्यांचा, लोखंडी चौकटीचा सोफा-कम-बेड आला, तेव्हा पट्ट्या गेल्या आणि पाठीखाली आडवी लोखंडी दांडी आली. वजनही वाढले, आणि पातळ गादीखाली ती दांडी झाकण्याचा उपाय कोणत्याही कारखानदारास पुरता साधला नाही.

या सर्व काळात पहिली परंपरा लोपली होती असे मात्र नाही. तिला नवे बळ मिळाले ते एका साध्या वस्तूमुळे. डग्लस फर लाकडाचे प्लायवूड पोर्टलंड येथील १९०५ च्या प्रदर्शनात लोकांसमोर आले होते. परंतु पाण्यात न सुटणारा सरस १९३४ साली वॉशिंग्टन संस्थानात सिद्ध झाला तेव्हाच ते उघड्या हवेत वापरण्याजोगे झाले, आणि चार फूट रुंद व आठ फूट लांब हा त्याचा तक्ता घरगुती सुतारकामाचे परिमाणच होऊन बसला. महायुद्ध संपल्यावर मासिकांनी या तक्त्यांतून करावयाच्या वस्तूंचे आराखडे छापण्याचा सपाटा लावला, आणि ‘मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड’च्या सप्टेंबर १९४७ च्या अंकातील, अश्रुबिंदूच्या आकाराच्या छोट्या ट्रेलरचा आराखडा आजतागायत हौशी कारागीर उपयोगात आणतात. त्या ट्रेलरमध्ये उभे राहता येत नाही. आतील सारी जमीन म्हणजेच शेज, आणि स्वयंपाकाचा सरंजाम मागचे झाकण उचलून बाहेरून वापरावयाचा. कायमच्या शेजेचे तत्त्व याहून पुढे नेणे शक्य नाही.

आज जो गृहस्थ आपल्या ट्रेलरमधील सोफा काढावयास बसतो, त्याच्या कामाचा तपशील पाहिला म्हणजे ही परंपरा हातातून हातात कशी चालत आली आहे ते दिसते. प्रथम सोफ्याचे पाय जमिनीला जखडणारे जाड स्क्रू शोधून सोडवावे लागतात. पुष्कळदा कारखान्याने हा सोफा बाजूची भिंत बंद होण्यापूर्वीच आत ठेवलेला असल्याने तो अरुंद दारातून सबंध बाहेर निघत नाही, आणि त्याची चौकट आतच मोकळी करून तुकड्यांनी न्यावी लागते. खाली जे उघडे पडते त्यात कारखान्याचे सारे गुपित असते: चाकावरील फुगीर पेटी, पाण्याचा पंप, टाकीची नळी, विजेच्या तारा, आणि कित्येकदा भट्टीकडे हवा परत नेणारी जाळी. या कोणत्याही गोष्टीवर कायमची फळी ठोकून टाकणे म्हणजे पुढील बिघाडाच्या वेळी स्वतःचा दिवाण स्वतःच फोडणे होय. म्हणून जाणता कारागीर वरच्या फळीला बिजागऱ्या लावून झाकण करतो आणि जाळीपुढे हवेला वाट ठेवतो.

चौकट बांधताना तो खिळ्यांवर विसंबत नाही, कारण रस्त्यावरील अखंड धक्क्यांनी खिळे हळूहळू बाहेर येतात. सरस व स्क्रू असा दुहेरी बंदोबस्त तो करतो, आणि चौकट भिंतीच्या पातळ आवरणात न जखडता आतील उभ्या दांडक्यांत व जमिनीत जखडतो. अमेरिकेतील दुहेरी गादी सामान्यतः साठ इंच रुंद व ऐंशी इंच लांब असते, ट्रेलरसाठी मात्र साठ बाय पंचाहत्तरची आखूड गादी मिळते. एकट्याचा अठ्ठेचाळीस इंची दिवाण प्लायवूडच्या एका तक्त्यातून सांध्यावाचून निघतो, आणि पंचाहत्तर इंच लांबी कापल्यावर उरलेल्या एकवीस इंचांत एखाद्या खणाचे दार होते. साठ इंची दिवाणाला दोन तुकडे लागतात, व त्यांचा सांधा मधल्या तुळईवर बरोबर बसेल अशी मापे आधीच धरावी लागतात. निजलेल्या माणसाच्या अंगची वाफ गादीतून खाली उतरते आणि थंड फळीवर पाणी होऊन बुरशी धरते. म्हणून फळीला ओळीने भोके पाडतात, किंवा सलग फळीऐवजी दोन-तीन बोटे अंतर सोडून पट्ट्या लावतात. शेवटी वजनाचा हिशेब येतो. लोखंडी सोफा गेल्याने भार हलका होतो, परंतु खालच्या पोकळीत माणूस हवे-नको ते सर्व भरतो, आणि ट्रेलरच्या एकूण वजनाचा १० ते १५ टक्के भाग पुढील जोडणीवर राहिला नाही तर तो रस्त्यावर डोलू लागतो. सबब जड वस्तू कोठे ठेवावयाच्या याचा विचार दिवाण बांधतानाच झालेला बरा. संकटकाळी बाहेर पडण्याची खिडकी दिवाणाच्या उंचीमुळे अडता कामा नये, ही गोष्टही तितकीच महत्त्वाची.

या बदलात काहीच गमावले जात नाही असे मी म्हणणार नाही. पावसाच्या दिवशी पाठ टेकून बसण्याची जागा जाते, पाहुण्याची शेज जाते, आणि चार माणसांचा ट्रेलर दोघांचा होतो. मुलांसह फिरणाऱ्या कुटुंबाला सोफाच योग्य ठरेल, आणि मंदीच्या वर्षांत शर्मन व बायम यांच्या गिऱ्हाइकांनी बांधीव आसनांचे जे स्वागत केले ते अगदी उचितच होते. तथापि ट्रेलर हेच ज्यांचे बिऱ्हाड झाले त्यांचा कौल प्रत्येक वेळी एकाच बाजूला पडलेला दिसतो. २००८ च्या आर्थिक अरिष्टानंतर घर गमावलेली वा भाडे न झेपणारी अनेक वयस्क माणसे अमेरिकेत गाड्यांत राहू लागली, हंगामी कामे करीत फिरू लागली, आणि हिवाळ्यात ॲरिझोनातील क्वार्ट्‌झसाइटच्या वाळवंटात एकत्र जमू लागली. जेसिका ब्रूडर यांच्या २०१७ मधील ‘नोमॅडलँड’ या पुस्तकाने त्यांची हकीकत जगापुढे ठेवली. या लोकांच्या गाड्यांत डोकावले तर उंच फळ्यांचा दिवाण व त्याच्या पोटात सामान हीच मांडणी वारंवार भेटते. तीत रॉलिन्सचा मेंढपाळ परका ठरला नसता.

म्हणून या घरगुती सुतारकामाकडे कारखान्याच्या मालाची मोडतोड म्हणून पाहू नये. फिरत्या घराचा सारा धंदाच मुळी बाजारातील वस्तूने निराश झालेल्या एका माणसाने स्वतःसाठी पेटी बांधली म्हणून जन्माला आला, आणि वयाने, पाठदुखीने किंवा नुसत्या थकव्याने आपल्या शरीराची गरज ओळखून जो कोणी करवत हाती घेतो तो त्याच जन्मकथेचा वारस आहे. घडीची शेज उभारणारा पोर्टर ज्या दिवशी गेला त्याच दिवशी तिच्या सोयीचा दावा निम्मा कोसळला होता. उरलेला निम्मा दावा मोठ्या कुटुंबाच्या गरजेवर उभा आहे, आणि जेथे ती गरज नाही तेथे तो मान्य करण्याचे काहीच कारण नाही. कारखानदाराने खुशाल अनेकांसाठी सरासरी रचना करावी, तो त्याचा धर्म आहे. परंतु चाकांवरच्या घरात अंतिम तजवीज करण्याचा अधिकार जो त्यात रात्र काढतो त्याचाच असला पाहिजे, आणि तो अधिकार चार फळ्या व मूठभर स्क्रू यांच्या साहाय्याने बजावता येतो ही या परंपरेने सामान्य माणसाला दिलेली मोठी देणगी आहे.